पट्ट्याचा रंग आणि अंगातला कस

आमच्या उमरोळीत दुपारच्या वेळी गल्लीतून एक फेरी मारली, की कुठल्या ना कुठल्या घराच्या दोरीवर जाड सुती पांढरा पोशाख वाळत घातलेला दिसतोच. शेजारी लोंबत असतो एक रंगीत पट्टा. कुठे पिवळा, कुठे नारिंगी, कुठे हिरवा. पालघर म्हणा, बोईसर म्हणा, कराटेचे वर्ग आता सगळीकडे झालेत. एकेकाळी मुलीला शिवण किंवा पेटी शिकवायची पद्धत होती, तशी आता ‘कराटेला घातलंय’ म्हणायची पद्धत आहे. आणि ते बरंच आहे. आपल्या इकडे पुरुषमंडळी तारापूरच्या कारखान्यांत पाळीपाळीनं कामाला. संध्याकाळच्या वेळी मुलीबाळींना एकट्यानं स्टेशनावरून यायला लागतं. अंगात थोडी धमक असलेली चांगली!

पण मैत्रिणींनो, मला आज लिहायचंय ते त्या पट्ट्याबद्दल. कारण गेलं वर्षभर आमच्या घरात ह्या दीड-दोन मीटर कापडावरून जेवढी चर्चा झाली, तेवढी साडीखरेदीवरूनसुद्धा कधी झाली नसेल.

आमची लेक सातवीत. अडीच वर्षं झाली कराटेला जाते. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा. परीक्षेची फी वेगळी, त्यात पट्टा, प्रमाणपत्र आणि एक फोटो. पांढऱ्यावरून पिवळा, पिवळ्यावरून नारिंगी, मग हिरवा. प्रत्येक वेळी घरात श्रीखंड व्हायचं आणि आजी ओवाळायची. मी स्वतः एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलाला वर्षभर लांबचं काहीतरी दाखवून अभ्यासाला बसवता येत नाही, चार-चार आठवड्यांच्या चाचण्याच त्याला बसवतात, हे मला रोजच्या अनुभवानं ठाऊक आहे. तेव्हा छोटी छोटी पायरी असलेली बरी, असंच माझं मत होतं आणि अजूनही आहे.

ह्यात दुसरा सूर लावला तो माझ्या धाकट्या नणंदेनं. ती मुंबईला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि शनिवारी संध्याकाळी डहाणू लोकल पकडून घरी येते. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत सुरू झाली त्याचं मला सर्वांत मोठं सुख हेच, की ही पोरगी रविवारी घरी जेवायला असते. तर ही बाई मुंबईत शिकते ब्राझिलियन जुजुत्सू. नाव ऐकूनच सासूबाई म्हणाल्या होत्या, “हे काय खायचं असतं?”

जुजुत्सू ही मूळची जपानी विद्या. तिच्या ह्या ब्राझिली प्रकारात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. सगळा मामला जमिनीवर. समोरच्याला खाली आणायचं, त्याच्या अंगावर वजन ठेवून त्याला जखडायचं, आणि हात किंवा मान अशा पेचात धरायची की त्यानं हार मानावी. हार मानायची खूण म्हणजे दोनदा थोपटणं. थोपटलं की त्या क्षणी सोडायचं, हा पहिला नियम. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. “अंगचटीला जाणारे खेळ बायकांनी खेळायचे?” एवढं बोलून त्या देवघरात गेल्या.

पण मला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. ही बया जवळजवळ दोन वर्षं आठवड्याला तीन-चार दिवस घाम गाळत होती, आणि पट्टा? पांढराच! परीक्षा नाही, तारीख नाही, फी नाही. मी एकदा विचारलं, “अगं, पुढचा कधी?” तर म्हणाली, “सर देतील तेव्हा. विचारायचं नसतं, वहिनी.” माझ्या लेकीनं तर तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. अडीच वर्षांत तिचे तीन पट्टे, आणि आत्या अजून पांढरीच!

एका रविवारी दोघींची जुंपली. हॉलमध्ये गाद्या टाकल्या, आत्या लेकीला म्हणाली, “ये, मी खाली बसते. मला हलव.” दोन मिनिटांत लेक खाली आणि आत्या वर. लेकीनं हात झाडले, पाय झाडले, कण्हून झालं, लालबुंद झाली, पण तिळभर सुटका नाही. शेवटी थोपटलं. आत्यानं लगेच सोडलं, पण ही उठून तडक मोरीत गेली आणि दार लावून रडली. बाहेर आली ती एकच वाक्य घेऊन, “माझा पट्टा खोटा आहे.”

आत्यानं तिला जवळ घेतलं. “खोटा कसा? तू उभ्यानं लढायचं शिकलीस. जमिनीवरचं तुला कुणी शिकवलंय का? मी तुझ्यासमोर उभी राहिले तर तुझी लाथ मला दिसायच्या आधी लागेल.” आणि मग तिनं तिला खालून निसटायची पहिली हालचाल शिकवली. कुशीवर वळायचं, पाय रोवायचा, कंबर मागे झटकायची आणि सरकायचं. ह्या हालचालीला इंग्रजीत कोळंबीचंच नाव आहे. आमचं माहेर सातपाटीच्या जवळचं. टोपलीतली ताजी कोळंबी कशी शेपूट आखडून मागच्या मागे उडी घेते ते लेकीनं आजोळी शंभरदा पाहिलंय. तिला एका झटक्यात कळलं. तासभर आमच्या हॉलमध्ये कोळंब्याच कोळंब्या!

रडणं थांबलं, पण मनातलं गेलं नाही. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, “आई, मागच्या परीक्षेत मला पूर्ण काता आला नव्हता. मध्येच विसरले. तरी पास केलं. सगळ्यांनाच करतात.” काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींची मालिका. मी शिक्षिका, मला ‘ढकलपास’ हा शब्द नवा नाही. पण पट्टाही ढकलून मिळतो, हे पोरीच्या तोंडून ऐकताना पोटात गलबललं. पुढची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आणि ही म्हणते, मला बसायचं नाही.

घरात दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, “अडीच वर्षं पैसे भरले, आता मध्येच काय? बाकीची मुलं पुढे जातील, ही मागे राहील.” सासूबाईंचं म्हणणं, “मुलीच्या जातीला हिरवा पुरे झाला.” मी काहीच बोलले नाही. मी आधी वाचायला घेतलं. आम्हा बीएवाल्या बायकांची ही सवयच. संसारात कुठलाही पेच पडला, की आधी पुस्तक उघडायचं!

वाचलं त्यातून मोठी गंमत कळली. आपल्याला वाटतं, हे रंगीत पट्टे म्हणजे हजारो वर्षांची जपानी परंपरा. तसं काही नाही. जिगोरो कानो नावाच्या एका शिक्षकानं १८८२ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतून त्यानं ज्युडो घडवला. त्याआधी जपानी आखाड्यांत विद्या पुरी झाली की गुरू गुंडाळी लिहून देई. कानोनं १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना पहिली ‘दान’ म्हणजे पदवी दिली, आणि काळा पट्टा बांधायची चाल पुढे १८८६ च्या सुमारास आली. कराटेनं ही पद्धत ज्युडोकडून उचलली. फुनाकोशी ह्यांनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ साली. आणि मधले सगळे रंग? त्यांचा प्रसार झाला युरोपात! पॅरिसमध्ये कावाइशी नावाच्या जपानी शिक्षकानं १९३० च्या दशकात ही रंगांची शिडी रुजवली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची वाट लांब. मधल्या पायऱ्या डोळ्यांना दिसल्या की विद्यार्थी टिकतो, हे मर्म त्यात होतं. म्हणजे आमच्या लेकीच्या हिरव्या पट्ट्याचं कूळ असं पॅरिसपर्यंत जातं!

आणखी एक गोष्ट सांगतात, की पांढरा पट्टा कधी धुवायचा नाही, वर्षानुवर्षांच्या घामामातीनं तोच काळा होतो. ही नुसती दंतकथा. आणि घर चालवणाऱ्या बाईला ती पटणारही नाही. पट्टा धुवायचाच असतो!

ब्राझीलचा प्रकार असा. कानोच्या शाळेत तयार झालेला माएदा नावाचा पहिलवान १९१४ साली ब्राझीलला गेला. त्याच्याकडून कार्लुस ग्रेसी ह्या तरुणानं विद्या घेतली, आणि त्याच्या घराण्यानं ती वाढवली. धाकटा भाऊ एलिओ अंगानं किरकोळ, म्हणून ताकदीपेक्षा युक्तीवर भर आला. त्यांच्या शिडीला मोठ्यांसाठी पाचच रंग: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. निळा पट्टा सोळा वर्षांच्या आत मिळतच नाही. लहान मुलांसाठी करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा असे वेगळे रंग ठेवलेत. त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत निळ्यावर निदान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक वर्ष काढावं लागतं, आणि प्रत्यक्षात काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहाएक वर्षं सहज लागतात. मध्ये धीर सुटू नये म्हणून पट्ट्याच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीच्या चार रेघा, एकामागून एक. आणि सर्वांत वरचा लाल पट्टा मिळायला काळ्यानंतर जवळजवळ अर्धं शतक जावं लागतं. म्हणजे नातवंडांना मांडीवर घेऊनच तो बांधायचा!

बहुतेक ठिकाणी तिथे ठरलेली परीक्षा नसते. गुरू रोज बघत असतो. कोण कुणाशी कशी झटते, हरल्यावर तोंड पाडते की पुन्हा हात मिळवते, नव्याला सांभाळून घेते का, हे सारं त्याच्या नजरेत असतं. मग एके दिवशी वर्ग संपताना रांगेतून नाव पुकारतात. मला हे ऐकून आमच्या जुन्या सासवांची आठवण झाली. पुरणपोळीची परीक्षा कोणी घेत नव्हतं. एके दिवशी सणाला सासूबाई म्हणायच्या, “आज तू कर गं, मी बसते जरा.” झाली सून पास!

पण म्हणून एक पद्धत खरी आणि दुसरी खोटी, असा निवाडा मी देणार नाही. ठरलेल्या परीक्षेत मुलाला कळतं, की अमुक शिकलो की अमुक मिळेल. त्यात पक्षपाताला जागा कमी. गुरूच्या मर्जीवर सोडलं, की मर्जीही आलीच, आणि ताटकळणंही आलं. नणंदेच्याच बाबतीत बघा ना. दोन वर्षांनी तिला निळा पट्टा मिळाला. आम्हाला वाटलं, आता ही उडायलाच लागणार. झालं उलटंच. दीड-दोन महिन्यांत तिचं जाणं कमी झालं. मग बंदच. म्हणे ह्या खेळात हे नेहमीचंच. निळा मिळाल्यावर पुष्कळजण गळतात. मी विचारलं, “असं गं का?” ती म्हणाली, “वहिनी, पांढरा होता तेव्हा हरले तरी कोणी बघत नव्हतं. आता प्रत्येक नवा मुलगा माझ्यावरच जोर काढतो, निळ्याला हरवलं म्हणायला. आणि जांभळा इतका लांब, की दिसतसुद्धा नाही.”

हे ऐकून मला आपल्याच बायका आठवल्या. लग्न झालं, मुलं झाली, घर झालं, म्हणजे निळा पट्टा मिळाला म्हणायचा. पुढचा रंग कुठला ते कोणी सांगत नाही. आणि नेमकं तिथेच पुष्कळजणींचं गाणं, वाचन, शिवणकाम गळून पडतं. अंगातली कला जात नाही, पुढची पायरी दिसेनाशी होते इतकंच.

नणंद परत गेली, ती पट्ट्याच्या ओढीनं नाही. तिच्या वर्गातल्या दोघी बायका, एक दातांची डॉक्टर आणि एक बँकेतली, रोज निरोप पाठवायच्या. “तू नाहीस तर आमच्या वजनाचं कोण आहे? आम्ही पाय कुणाच्या गळ्यात अडकवायचे?” ह्या खेळात एकट्यानं सराव होतच नाही. मला शिकायचं तर तुम्ही अंग द्यायला हवं, तुम्हाला शिकायचं तर मी. ज्यानं मला काल जखडलं, त्याच्यावरच आज भरवसा ठेवायचा, की मी थोपटलं की तो सोडेल. असा भरवसा रोज तासभर सांभाळला की त्याचं नातं होतं.

ते नातं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. गेल्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी मुंबईला न्यावं लागलं. ह्यांना कारखान्यातून सलग रजा मिळेना, लेकीची शाळा, माझी शाळा, घरी सासरे. उमरोळी ते मुंबई रोज जाऊन-येऊन मी करणार किती? तेव्हा नणंदेच्या ह्या वर्गमंडळींनी रात्री वाटून घेतल्या. दातांची डॉक्टर एक रात्र, बँकेतली एक रात्र, आणि एक कॉलेजातला दांडगा मुलगा दिवसा डबा घेऊन यायचा. सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवायची वेळ आली, तेव्हा त्या मुलानं काखेखालून हात घालून त्यांना इतकं अलगद उचललं, की तिथली आया बघत राहिली. माणसाचं वजन कसं पेलायचं, हेच तर ही मंडळी रोज शिकतात!

घरी आल्यावर सासूबाईंनी त्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. पंगत उठल्यावर मला म्हणाल्या, “रक्ताचं नातं नाही गं, पण घामाचं आहे.” अंगचटीच्या खेळाबद्दल त्यानंतर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

खरी कसोटी मात्र नंतर आली. नणंदेला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं शिकलेली. सगळं जुळत होतं. मग मुलाच्या मावशीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “ते कुस्तीचं लग्नानंतर सोडेलच ना?” खोलीत शांतता. सगळ्यांना वाटलं, सासूबाई “हो हो” म्हणणार. तर त्या म्हणाल्या, “ते तुम्ही तिलाच विचारा. माझा पाय ज्यांनी उभा केला, ती माणसं तिथली आहेत.” नणंद म्हणाली, “सोडणार नाही.” ते स्थळ तिथेच थांबलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. तिचं वय वाढतंय, हे घरात सगळ्यांना दिसतं. पण त्या रात्री ती शांत झोपली, हेही मी पाहिलं.

मी तेव्हा तिला केइको फुकुदाची हकिगत वाचून दाखवली. तुम्हालाही सांगते. १९१३ साली टोकियोत जन्मलेली ही जेमतेम पाच फूट उंचीची बाई. तिचे आजोबा कानोचे गुरू. कानोनं स्वतःच तिला शिकायला बोलावलं आणि १९३५ साली ती त्याच्या शाळेच्या महिला विभागात दाखल झाली. लग्नाची बोलणी निघाली तेव्हा लग्न म्हणजे ज्युडो सोडणं हे स्पष्ट होतं. तिनं ज्युडो निवडला. १९५३ साली तिला पाचवी दान मिळाली, आणि तिथे वाट खुंटली. बायकांना पाचव्याच्या वर न्यायचंच नाही, असा दंडक! काळ्या पट्ट्याच्या मधोमध बायकांसाठी एक पांढरी रेघही असायची, ही बाईची आहे हे लांबून कळावं म्हणून. जवळजवळ वीस वर्षं ती त्याच पायरीवर उभी राहिली. पण शिकवणं सोडलं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत बायकांचा वर्ग चालवला. शेवटी शिष्यांनी आणि हितचिंतकांनी पत्रांचा पाठपुरावा केला आणि १९७२ साली दंडक मोडला. २००६ साली जपानच्या मूळ शाळेनं तिला नववी दान दिली. २०११ साली अमेरिकेतल्या ज्युडो संघटनेनं दहावी, वयाच्या ९८ व्या वर्षी. २०१३ साली ती गेली, तोवर ती मुलींना शिकवीत होती.

ऐकून नणंद इतकंच म्हणाली, “वीस वर्षं एकाच पट्ट्यावर? आणि मी दोन महिन्यांत कंटाळले होते!”

आपल्या महाराष्ट्रात तर लाल मातीतल्या कुस्तीला पट्टेच नाहीत. जत्रेत लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर सुटायची, पुढे नारळ, मग फेटा, आणि सर्वांत वर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा. ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी व्हायला मात्र २०२३ साल उजाडलं. सांगलीला ती झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं पहिली गदा उचलली. बासष्ट वर्षं! गदा तीच, माती तीच, फक्त दार उघडायला उशीर. ऑलिंपिकमध्येसुद्धा बायकांचा ज्युडो पदकांसाठी आला तो १९९२ साली आणि बायकांची कुस्ती २००४ साली. तेव्हा पट्टा लहान की मोठा ह्याच्याआधी, आपल्याला रांगेत उभं राहू दिलं का, हा प्रश्न कितीतरी बायकांचा होता, हे लेकीला मुद्दाम सांगितलं.

आता लेकीचं काय झालं ते सांगते. आम्ही दोघींनी मिळून तिच्या सरांची गाठ घेतली. लेक स्वतःच बोलली, “सर, मला ह्या वेळी बसायचं नाही. मागचा काता मला नीट करायचाय.” सरांना आश्चर्य वाटलं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, “ठीक आहे. पण रांग पट्ट्यांप्रमाणे लागते. तुझ्यामागची मैत्रीण पास झाली तर तुझ्यापुढे उभी राहील. चालेल?” लेकीनं मान हलवली. मला मात्र धाकधूक. बारा वर्षांची पोर, तिला हे झेपेल?

परीक्षा झाली. मैत्रीण पुढच्या पट्ट्यावर गेली. त्या सोमवारी लेक वर्गाला जाताना बराच वेळ पट्ट्याची गाठ बांधत बसली. मी काही बोलले नाही. संध्याकाळी आली तेव्हा डोळे थोडे सुजलेले. “मागे उभी होते,” म्हणाली. मग पोहे खाल्ले आणि गच्चीवर काता करायला गेली. असे पाच महिने. ह्यांनी पहिल्यांदा कुरकुर केली, मग स्वतःच कामावरून आल्यावर गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागले. बापाला कात्यातलं काही कळत नाही, पण “मगाशी डावा पाय आधी होता” एवढं बरोबर सांगायचे!

पुढच्या परीक्षेला ती बसली. काता संपल्यावर सरांनी तिला तो पुन्हा करायला सांगितला, ह्या वेळी सगळ्यांसमोर, नव्या मुलांना बघण्यासाठी. पट्टा मिळाला. पण घरी येऊन तिनं सांगितलं ते पट्ट्याचं नाही. “आई, सरांनी मला पांढऱ्या पट्ट्यांच्या मुलांना उभं राहायला शिकवायला सांगितलंय. दर शनिवारी!” श्रीखंड झालंच, पण ओवाळायला सासूबाई काठी टेकत स्वतः उठल्या.

मुलांना अशा वर्गाला घालणाऱ्या मैत्रिणींसाठी, आमच्या अनुभवातून चार गोष्टी लिहून ठेवते.

पहिली, प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या: वर्षात परीक्षा किती, प्रत्येकीची फी किती, पट्टा आणि प्रमाणपत्र त्यात धरलंय का. आणि हेही विचारा, की कुणी नापास होतं का? ‘आमच्याकडे शंभर टक्के निकाल’ असं अभिमानानं सांगितलं, तर जरा थांबून विचार करा.

दुसरी, एक-दोन दिवस वर्गात बसून बघा. पालकांना बसू देत नसतील तर तो वर्ग नको. खाली गादी आहे का, मोठ्या मुलांची लहानांशी जोडी लावताना लक्ष देतात का, आणि मूल ‘पुरे’ म्हणालं की त्या क्षणी थांबतात का, हे तीन बघायचंच.

तिसरी, नखं कापलेली, कानातलं आणि बांगड्या काढलेल्या, केस घट्ट बांधलेले. पोशाख नवा असेल तर गार पाण्यात धुवा, गरम पाण्यानं सुती कापड आटतं. ओला पोशाख पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवू नका. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे दोन-दोन दिवस कपडा वाळत नाही. जमलं तर दोन जोड ठेवा. अंगाला अंग लागणाऱ्या खेळात गजकर्ण फार लवकर पसरतं. गोल चट्टा दिसला तर घरगुती मलम चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा आणि बरं होईपर्यंत वर्गाला पाठवू नका. ते दुसऱ्याच्या मुलासाठीही.

चौथी, घरी आल्यावर ‘पट्टा कधी?’ असं रोज विचारू नका. ‘आज काय जमलं? कुणाबरोबर सराव केलास?’ असं विचारा. उत्तर लांब येतं, आणि त्यात मुलाचं मन कळतं.

आता थोडं आपल्याबद्दल. सासूबाई पडल्या तेव्हा नणंद हळहळत म्हणाली होती, “आमच्याकडे पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही, पाठ गोल.” ते शब्द माझ्या डोक्यात राहिले. पुढे एका रविवारी मी म्हटलं, “मग आम्हाला शिकव ना.” ती हसली, पण तयार झाली. आता महिन्यातून दोन रविवारी, जेवणं आटोपल्यावर, आमच्या हॉलमध्ये गाद्या पडतात. सुरुवातीला मी आणि शेजारच्या दोघी. मग भजनी मंडळातल्या तिघी आल्या, त्यांतल्या एक तर बावन्न वर्षांच्या. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला त्यांनी पंधरा दिवस घेतले, आणि पहिल्यांदा मागे लोळण घेतली तेव्हा इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरची मंडळी वर बघायला आली.

त्यांनी परवा नणंदेला विचारलं, “काय गं, आम्हाला पट्टा मिळणार की नाही?” नणंदेनं कपाळाला हात लावला. मग लेकीनं उठून आपला जुना पांढरा पट्टा आणला आणि त्यांच्या कमरेला नीट दोन वेढे देऊन गाठ मारून दिली. त्यांनी ती गाठ सोडून पुन्हा स्वतः बांधून बघितली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. मग त्या म्हणाल्या, “चला, पुन्हा एकदा पडूया.”